इअरप्लग घालून मेटल ऐकायचं, तर जायचंच कशाला?

ताई,
वय ५१, राहणार डोंबिवली. कॉलेजात असताना मित्रांनी मुंबईच्या रंगभवनला रॉक शोला नेलं, तेव्हापासून हेवी मेटल संगीत डोक्यात बसलं ते बसलंच. २००७ मध्ये आयर्न मेडन बँडसाठी ट्रेनने बंगळुरूला गेलो, पुढच्या वर्षी मुंबईत बीकेसीत त्यांनाच पुन्हा ऐकलं, २०११ ला मेटॅलिका बँडसाठी परत बंगळुरू. दरवेळी दुपारपासून रांगेत उभं राहून मंचासमोरचं पहिलं बॅरिकेड धरलं. दीड वर्षापूर्वी एका छोट्या बंद हॉलमधल्या शोनंतर डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. रात्री पंख्याच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. तपासणीत वरच्या पट्टीचं ऐकणं कमी झाल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, मोठे आवाज टाळा. तेव्हापासून एकाही शोला गेलो नाही. आता मुलीने, वय २२, पहिल्या पगारातून बंगळुरूच्या शोची दोन तिकिटं काढली आहेत. तिचा हा पहिलाच मोठा शो. बायको म्हणते, ठार बहिरे होऊन याल. जुने मित्र म्हणतात, कानात प्लग घालून मेटल ऐकायचं तर घरी बसून मोबाइलवर बघ की. खरं सांगतो, मलाही आतून तसंच वाटतं. जाऊ की नको?
— कानात भुंगा, डोंबिवली

(ओळख पटू नये म्हणून बँडचं नाव आणि तारीख गाळली आहे.)

दादा,

जा. मुलीबरोबर जा, कानात प्लग घालून जा, आणि या वेळी बॅरिकेड सोडा.

पण त्याआधी एक गोष्ट स्वतःशी खरी खरी तपासा. कुकरची शिट्टी, फरशीवर पडलेलं स्टीलचं भांडं, शेजारून गेलेल्या रिक्षाचा हॉर्न, असे रोजचे आवाज तुमच्या कानाला दुखतात का? नुसते नकोसे वाटतात का, हे मी विचारत नाही. कळ येते का? तशी कळ येत असेल तर या वेळी तिकीट दुसऱ्या कुणाला द्या आणि आधी त्यावर उपचार घ्या, कारण तो वेगळा त्रास आहे आणि तो प्लगने निभत नाही. तसं नसेल तर पुढचं वाचा.

डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच आहे. फक्त तुम्ही त्यांना पुढचा प्रश्न विचारला नाहीत. पुन्हा जा, नवा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढा आणि थेट विचारा, 'मला मोकळ्या मैदानात दोन तास उभं राहायचं आहे, चांगले प्लग घालून, स्पीकरपासून लांब. चालेल का?' असा नेमका प्रश्न विचारला की उत्तरही नेमकं मिळतं. ते नाही म्हणाले तर माझं 'जा' तिथेच संपलं. त्यांनी तुमचा कान पाहिला आहे, मी फक्त पत्र वाचलं आहे.

आता तुमच्या कानात नेमकं काय झालं असावं, ते सांगते. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानाला साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेबरोबर त्या डोलतात आणि मेंदूला निरोप पाठवतात. उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी नळीच्या अगदी तोंडाशी बसलेल्या, त्यामुळे मार आधी त्यांनाच बसतो. तुमचा ऑडिओग्राम समोर घ्या. ४००० हर्ट्झच्या आसपास रेष खड्ड्यात उतरलेली दिसली तर तो खड्डा मोठ्या आवाजाने पाडलेला असण्याची शक्यता फार. माणसाच्या या पेशी पुन्हा उगवत नाहीत. तिथून निरोप यायचा थांबला की मेंदू ती रिकामी जागा स्वतःच भरू पाहतो, आणि तीच तुमची शिट्टी, असं आज तज्ज्ञ मानतात.

आवाजाचा हिशेब दुकानातल्या हिशेबाइतका रोखठोक आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मेटलच्या शोला पुढच्या भागात १०५ सहज भरतो, म्हणजे कानाची दिवसभराची शिधा दुसरं गाणं संपायच्या आत संपते. २००७ आणि २०११ मध्ये तुम्ही बॅरिकेडला किती तास होतात ते आठवा. दोष देण्यासाठी म्हणत नाही. त्या दोन्ही वेळी तिथे मीही होते.

मेटॅलिकाच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूच्या स्टेशनवर चहावाला मला काहीतरी विचारत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मी अंदाजाने मान हलवली आणि त्याने बिनसाखरेचा चहा दिला. कान उघडायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस मी पदक मिळाल्यासारखी मिरवत होते. कान उघडले म्हणून मला वाटलं, सगळं भरून आलं. ऐकू यायला लागलं तरी आतली झीज पूर्ण भरून येतेच असं नाही, हे मला पुढे कळलं. पुढच्या वर्षी, २०१२ च्या ऑक्टोबरात, स्लेयर बँडसाठी पुन्हा बंगळुरूला गेले ती एका ड्रमर मित्राने दिलेली प्लगची डबी घेऊन. पहिल्या गाण्याला नाराज होऊन घातले. तिसऱ्या गाण्याला लक्षात आलं की डावीकडची आणि उजवीकडची गिटार मला वेगवेगळी ऐकू येते आहे. इतकी वर्षं पुढे उभं राहून मी फक्त एक भिंत ऐकली होती, आणि त्या दिवशी तिच्यातल्या विटा दिसल्या. आवाज प्रमाणाबाहेर गेला की कान स्वतःच तो फाटका करून ऐकवतो. तो उतरवून घेतला की गाणं मोकळं होतं.

तुमच्या मित्रांचं म्हणणं मी हसून उडवणार नाही, कारण ते प्रेमातून आलेलं आहे. त्यांना वाटतं, मेटल अंगावर घ्यायचं असतं, गाळून नाही. पण हे संगीत सुरू कसं झालं ते आठवा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमी या गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबायची बोटं तीच. त्या कामावरचा तो त्याचा शेवटचा दिवस होता. आता गिटार संपली, असं त्याला सांगितलं गेलं. त्याने साबणाच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या वापरल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो जड, खोल आवाज घडला त्यात या टोप्यांचा आणि सैल तारांचा मोठा वाटा आहे. तुम्ही पस्तीस वर्षं ज्यावर जीव टाकलात त्याच्या मुळाशीच एक जखम आहे, आणि तिच्यावर घरच्या घरी शोधलेला तोडगा आहे. तुमच्या कानातला प्लग याच घराण्यातला आहे.

आणि ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न शेवटचं गायला. पार्किन्सन आणि इतर दुखण्यांमुळे त्याला चालता येत नव्हतं, म्हणून सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. सतरा दिवसांनी तो गेला. त्या संध्याकाळी मैदानात रडणाऱ्यांपैकी कुणी म्हणालं का, की बसून गायचं तर आलास कशाला?

मंचावर काय चालतं तेही बघा. आज बहुतेक मोठ्या बँडचे लोक कानात साच्यातून बनवलेले इन-इअर मॉनिटर, म्हणजे बँडचा आवाज थेट कानात देणारे छोटे स्पीकर, घालून वाजवतात, त्यांनी बाहेरचा आवाज बराचसा अडतो. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक कानातल्या सततच्या आवाजाबद्दल उघड बोलला आहे. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी बजावलं, दौरा थांबवा नाहीतर पूर्ण बहिरे व्हाल. तो थांबला, कानासाठी खास बनवलेली नवी साधनं वापरायला शिकला आणि २०२३ मध्ये बँडबरोबर पुन्हा मंचावर उभा राहिला. वाजवणारे कान झाकून वाजवतात. ऐकणाऱ्याने उघडे ठेवले तर जास्त इमान कुणाशी राखलं जातं?

आता प्लगचं. कापसाचे बोळे नकोत. आपल्याकडे ढोल पथकांत अजूनही मुलं कापूस कोंबतात, पण त्याने आवाज फारच थोडा उतरतो. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग आवाज चांगला अडवतात, फक्त वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे झांजा आणि गिटारची धार बोथट होते. तुमचं वरचं ऐकणं आधीच कमी आहे, तुम्हाला ते फारच मचूळ लागेल. तुम्ही फिल्टरवाले, वादकांसाठी असतात तसले प्लग घ्या. ते सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या उतरवतात. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, कानाचा साचा देऊन बनवून घेतलेत तर सगळ्यात उत्तम, फक्त तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून या आठवड्यातच जा. नीट बसलेल्या प्लगने १५ डेसिबल जरी उतरले तरी १०५ चे ९० होतात, आणि ९० ला अडीच तास मिळतात. तुमचा अख्खा शो त्यात बसतो.

फोमचे प्लगही जवळ असू द्या, आणि ते घालायची रीत नीट शिकून घ्या, कारण दहातले आठ जण ते चुकीचे घालतात असं मी प्रत्येक मैदानात बघते. प्लग बोटांत हलक्या हाताने वळायचा, उदबत्तीच्या काडीसारखा बारीक होईपर्यंत, सुरकुती पडू न देता. दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वरच्या टोकाला धरून वर आणि मागे ओढायची, म्हणजे वाट सरळ होते. मग प्लग आत सरकवून बोटाचं टोक त्यावर ठेवायचं आणि सावकाश तीस मोजायचे. तो आत फुगताना ऐकू येतो, बारीक चुरचुर होते. नंतर आरशात समोरून बघा. प्लगचं बूड बाहेर लोंबताना दिसलं तर तो बसलेलाच नाही, काढा आणि पुन्हा वळा. बरोबर बसला की स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही मैदानात घाबराल. प्लग घातले की तुमची शिट्टी एकदम मोठी वाटेल. ती वाढलेली नसते. बाहेरचे आवाज गेल्यामुळे ती एकटी उरते, रात्री पंखा बंद केल्यावर होतं तसं. पहिला ड्रम पडला की ती बुडते. हा अनुभव आधी घरी घेऊन बघा, रोज दहा मिनिटं, चार-पाच दिवस. दिवसभर मात्र घालून बसू नका. शांततेत कान सतत बंद ठेवले तर साधे आवाजही बोचायला लागतात.

उभं कुठे राहायचं हे विचारलं नाहीत, पण प्लगखालोखाल तेच महत्त्वाचं. मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्यांचा मंच असतो, मिक्सर आणि दिव्यांची बटणं असलेला. आवाज जुळवणारा माणूस तिथे बसतो, तो जे ऐकतो तेच सगळ्यांना ऐकवू बघतो. त्याच्या थोडं पुढे किंवा बाजूला उभे राहा. पुढच्या बॅरिकेडला सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचे मोठे स्पीकर, अगदी पायाशी असतात, गायकाचा आवाज मात्र तिथे अर्धा तुमच्या डोक्यावरून निघून जातो. पहिल्या रांगेत आपण बँड बघतो. ऐकायचं असेल तर मिक्सर. आणि डबल बेसची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची, धडक नुसती कानातून येत नाही, ती बरगड्यांतून येते, पोटातून येते, जमिनीतून पिंढऱ्यांत चढते. अंगातून येणारी ती धडक कुठल्याही प्लगने अडत नाही. अंगावर घ्यायचं असतं म्हणणाऱ्या मित्रांना हे जरूर सांगा.

कानाची ती दिवसाची शिधा जपून वापरा. कल्याणहून उद्यान एक्स्प्रेसने जाणार असाल तर जवळपास चोवीस तासांचा प्रवास आहे. त्यात हेडफोन लावून सगळे अल्बम उजळणी करत जाऊ नका, मी हे पूर्वी केलेलं आहे. रात्री दहाच्या नियमामुळे आपल्याकडचे मैदानी शो लवकर सुरू होतात, आधीचे दोन-तीन बँड दुपारपासून वाजत असतात. त्यातलं तुमचं नसेल तेव्हा खाण्याच्या स्टॉलकडे, मैदानाच्या टोकाला जा. पाणी प्या, बसून घ्या. मुख्य बँडमध्येही मध्ये एकदा दहा मिनिटं मागे जाऊन आलात तर कान दुवा देतील. मानेचंही बघा. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेडबँगिंगवर, म्हणजे तालावर डोकं झटकण्यावर, रीतसर अभ्यास छापून आला होता. ताल मिनिटाला १४६ च्या आसपास आणि डोकं ७५ अंशांहून जास्त फिरवलं तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते, आणि ताल व झटका त्याहून वाढला तर मानेलाही धोका, असा त्याचा निष्कर्ष. पन्नाशीत कमरेतून डुला, मान त्याच्याबरोबर येऊ द्या.

शो संपल्यावर लगेच मिट्ट शांत खोलीत जाऊन पडू नका, पंखा चालू असू द्या. पुढचे एक-दोन दिवस कानाला पूर्ण विश्रांती. शिट्टी रात्रीपुरती चढली तर धीर धरा. पण दोन दिवसांनीही ती उतरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि एखाद्या कानाने अचानक ऐकू यायचंच कमी झालं, तर दोन दिवसही थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, कारण अशा वेळी औषध जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोग होतो. 'बघू, उतरेल' म्हणण्यात लोकांचे कान गेलेले आहेत.

वहिनींशी वाद घालू नका. दीड वर्षं रात्री त्या पंख्याच्या आवाजात त्याही झोपताहेत. टीव्हीचा आवाज कितीवर गेला हे त्या बघतात, हाक मारल्यावर तुम्ही कधी कधी ओ देत नाही हे त्यांना माहीत आहे, आणि या सगळ्याचं त्या काय करणार होत्या? त्यांना डॉक्टरांकडे बरोबर न्या. वरचा तो नेमका प्रश्न त्यांच्यासमोर विचारा आणि उत्तर त्यांनाही ऐकू द्या. त्यांच्या भीतीला खरा आधार आहे, आणि तिचं निरसन तुम्ही नाही करू शकत, ते आकडेच करतील.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. त्यात तुमचा कान आहे, मित्र आहेत, बायको आहे, पण मुलीच्या कानांबद्दल एक अक्षर नाही. तिच्या केसपेशी अजून बहुतेक सगळ्या जागेवर असतील. तिचा पहिला मोठा शो, ती बॅरिकेडकडे धाव घेणारच, तुम्हीही तिच्या वयाचे असताना घेतलीत. तिला अडवू नका. पिटमध्ये, म्हणजे मंचासमोर लोक एकमेकांवर आदळत नाचतात तिथे, जायचं म्हणाली तरी जाऊ द्या, आधी कडेकडेने. कानातले डूल आणि चष्मा तुमच्याकडे, बूट घट्ट बांधलेले. तिथला नियम तुम्हाला ठाऊकच आहे, कुणी पडला की भोवतीचे सगळे थांबतात, त्याला उचलतात आणि मगच पुन्हा सुरू होतात. तो नियम तिला तुमच्याच तोंडून कळू द्या. भेटायची जागा मिक्सरजवळ ठरवा, गर्दीत फोन लागत नाहीत.

आणि तिला दोरीवाले प्लग द्या, पिटमध्ये सुटे प्लग पडतात आणि चिखलातून पुन्हा उचलून घालता येत नाहीत. गाडीतच एकदा घालायला शिकवा. तुम्ही तुमचे घाला, तिला तिचे घालू द्या, पाळी वर आणि मागे, तीस आकडे. फोमच्या चार-पाच जोड्या खिशात जास्तीच्या ठेवा. आधीच्या बँडलाच कानावर हात धरून उभा असलेला एखादा मुलगा शेजारी भेटतोच, त्याच्या तळहातावर एक जोडी ठेवा.